पाटीवरच्या मिस ओडेसा

"व्हर्नेल, बाई गेल्या," लुशियस टॉलिव्हर घाबऱ्याघुबऱ्या बायकोच्या कानाशी लागला.

"काय बोलतोस! आत्ता तर मी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवून आले. कधी गेल्या?"

"एकोणसत्तर साली."

त्याने तिला रस्त्याकडेच्या नव्या खांबाशी नेलं आणि अनावरणासाठी झाकलेल्या चादरीचं टोक उचललं. हॅचर्स बेंड गावातली काळ्या मुलांची जुनी शाळा जिथे होती, तिथेच ती धातूची ओतीव पाटी उभी केली होती. शाळेचं नाव बरोबर होतं. खाली लिहिलं होतं : मिस ओडेसा क्रॉवेल, मुख्याध्यापिका, १९३०–१९६९.

"एकोणसत्तरला शाळा बंद झाली!" व्हर्नेल म्हणाली.

"मीही तेच सांगितलं होतं. कारखान्याने ते साल बाईंच्या जन्मसालापुढे लावलं."

"आणि तू इतके दिवस काय करत होतास?"

चर्चमधून माणसं बाहेर पडून खुर्च्यांवर बसायला लागली होती. टोप्या घातलेल्या बायका पंख्यांनी वारा घेत होत्या. नव्वदी ओलांडलेल्या मिस ओडेसा पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसल्या होत्या. पाटीसाठी गावाने सहा वर्षं खटपट केली होती, आणि समितीचा अध्यक्ष होता लुशियस.

त्याने ट्रकमधून काळी चिकटपट्टी आणली, चादरीखाली डोकं घालून 'एकोणसत्तर'वर ती दाबून बसवली आणि घाम पुसत बाहेर आला.

"आत काय करत होतास?" पाद्री मोसलींनी विचारलं.

"पुसून घेतली, पाद्रीबाबा. धूळ फार."

प्रार्थना सुरू झाली. अलाबामाचं जूनमधलं ऊन. पाद्रीबाबांनी आदमपासून सुरुवात केली होती आणि ते अजून मोशेच्या इजिप्तमध्येच होते. लुशियसची नजर चादरीवरून हलत नव्हती. एवढ्या उन्हात पट्टीचा डिंक वितळला तर? तो खांबाच्या दिशेने हळूहळू सरकायला लागला. चादर आपणच काढायची, अलगद, कडेकडेने, असं त्याने ठरवलं होतं.

"आमेन!" पाद्रीबाबा म्हणाले. "आणि आता पाटीचं अनावरण करतील आपल्या सगळ्यांच्या मिस ओडेसा!"

"नको!" लुशियसच्या तोंडून निघून गेलं. सगळे त्याच्याकडे वळले. "म्हणजे, बाईंना उन्हात कशाला त्रास?"

"लुशियस, बाजूला हो," मिस ओडेसा म्हणाल्या.

तो बाजूला झाला. सत्तरीचा बाप्या, पण तो आवाज ऐकला की आपोआप बाजूला व्हायचा. बाईंनी चादर धरली आणि एक हिसका दिला. चादर आली. चादरीला चिकटून पट्टीही आली.

टाळ्या मध्येच थांबल्या. बाईंनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचायच्या तशी पाटी मोठ्याने वाचली, सालासकट. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"लुशियस टॉलिव्हर."

तो हात मागे बांधून उभा राहिला.

"मी कशाने गेले?"

"बाई, ते... कारखान्याने साल चुकीच्या जागी लावलं."

"ओतण्याआधी त्यांनी मजकूर वाचून दाखवला होता का?"

"फोनवर वाचून दाखवला होता, बाई."

"मग?"

"टीव्हीवर मॅच चालू होती, बाई."

व्हर्नेलने डोळे मिटून घेतले. बाई पाटीकडे वळल्या.

"तसं पाहिलं तर साल अगदीच चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आपली शाळा बंद करून गोऱ्यांच्या शाळेत माझ्या सगळ्या मुलांना घेतलं. मला मात्र वर्ग दिला नाही. पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत मी शिक्के मारले."

हे गावात कुणालाच माहीत नव्हतं असं नाही, पण बाईंच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. पंखे थांबले होते.

"पण मी मेले नाही," बाई म्हणाल्या. "नवी पाटी येईपर्यंत दर रविवारी चर्च सुटल्यावर इथे उभं राहायचं. जो थांबेल त्याला सांगायचं. एकोणसत्तरला काय झालं, आणि त्यानंतर काय झालं. गाळायचं काही नाही."

"हो बाई."

पहिल्या रविवारी एकच गाडी थांबली, तीही रस्ता विचारायला. लुशियसने त्या माणसाला रस्ता सांगितला आणि मग, बाई लांबून बघत होत्या म्हणून, बाकीचंही सांगितलं. तो माणूस गाडीतून उतरला आणि तासभर गेला नाही. पुढे पुढे बाईंचे जुने विद्यार्थीही यायला लागले. "एवढंच नाही, मी सांगतो," म्हणत एकेक जण आपली भर घालायचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी गाडीतून आईला बोलवायचं, कुणी रडायचं. व्हर्नेल कलिंगड कापून आणायला लागली.

सप्टेंबरात नवी पाटी आली. या वेळी लुशियसने ती अक्षर न् अक्षर वाचली, व्हर्नेलकडून वाचून घेतली, मग बाईंकडून. एकही चूक नव्हती. पाटी खांबावर चढली. सुटलो, असं म्हणत रविवारी तो घरी निघाला.

बाई गाडीची काच खाली करून बसल्या होत्या. तेवढ्यात परगावची एक गाडी थांबली. एक माणूस उतरला, त्याने पाटीचा फोटो काढला, ओझरती नजर टाकली आणि निघून गेला.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "आला, वाचलं न वाचलं, गेला."

"पण बाई, आता तर पाटी अगदी बरोबर आहे!"

"म्हणूनच. आता कुणाला काही विचारावंसं वाटत नाही," बाई म्हणाल्या.

वळणावर आणखी एक गाडी हळू होत होती. लुशियसने टोपी सारखी केली आणि परत खांबाशी जाऊन उभा राहिला.