जुमलिशा की जुमुइशा?

साऊमूच्या लग्नाचा पुलाव चुलीवरून उतरला, तेव्हा तिची आई मवानाहावा हिला अर्धं जग जिंकल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात मवानाहावाची धाकटी बहीण टाटू फाटकाकडून धावत आली.

"ताई, नवऱ्याकडची दुसरी बस आली! बायकांनी भरलीय नुसती!"

"दुसरी कुठली गं बाई?"

विचारता विचारताच तिला माणसं किती येणार याचा निरोप आठवला. तो नवरदेवाच्या आत्याबाई किदावा यांनी फोनवर दिला होता, तोही गालात विडा धरून. "साठ माणसं, बायकामंडळी जुम्म...शा." मवानाहावाने ऐकलं स्वाहिलीतलं जुमुइशा, म्हणजे बायका धरून साठ. आत्याबाई म्हणाल्या होत्या जुमलिशा, म्हणजे साठात बायका मिळवा. मधलं अक्षर विड्याने गिळलं होतं.

"अजून तांदूळ टाकू का?" टाटूने विचारलं.

"आणि शिजेपर्यंत? तिकडे वऱ्हाड हात धुऊन बसलंय! पुलाव कमी पडला, तर माझ्या पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतील." मवानाहावाचे डोळे भरून आले. मग तिने पदराने ते पुसले. "हे बघ, एका परातीला चार जण बसवायचे ना? आठ बसव. चार त्यांचे, चार आपले. आणि आपल्यांना बजाव, हात पुलावात ठेवा, तोंड गप्पांत."

"वहिनी, मी सकाळपासून उपाशी आहे!" धाकटे दीर कळवळले.

"मग अजून थोडं राहा. पुतणी तुमचीच ना?"

पंगत बसली. मुलीकडचे लोक बोटांनी भात इकडून तिकडे सारत पाहुण्यांच्या तब्येतीच्या चौकशा करत राहिले. मवानाहावा दाराआडून पराती रिकाम्या होताना बघत होती. श्वाससुद्धा जपून घेत होती बिचारी. शेवटी आत्याबाईंनी परातीच्या तळाशी बोट फिरवलं आणि लांबलचक ढेकर दिली.

"विहीणबाई, पोट भरलं! पण तुमची माणसं किती कमी खातात हो! खानदानी वळण!"

मवानाहावा दाराआडून पुढे आली. आत्याबाईंनी नवा विडा गालात सरकवला. "उद्या आमच्याकडे जेवायला या सगळे. तीस माणसं, मुलंबाळं जुम्म...शा."

टाटूने ताईला कोपर मारलं. "धरून की मिळवून? आत्ताच विचारून घे."

मवानाहावाने अंगणात पाहिलं. दीर रिकाम्या हंड्यात डोकं घालून बसले होते.

"विचारायचं काय त्यात? मला स्वच्छ ऐकू आलं," ती म्हणाली. "मिळवून! जा, दोन बस सांगून ये."