वीस धुतलेले खडे

वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींनी सकाळी अंगणातले वीस लाल खडे वेचले, स्वच्छ धुतले आणि दुपारच्या तांदळात कालवले. वेड लागलं नव्हतं, व्यवस्थापकांचा हुकूम होता. शहरातून आठ पाहुणे सेवा करायला आले होते आणि त्यांना हाताने करायचं काम हवं होतं. तांदूळ मेला यंत्रावर निवडलेला यायचा. पाहुणे हिरमुसून गेले असते तर छपराच्या नव्या पत्र्यांचं त्यांनी दिलेलं वचनही सोबत गेलं असतं. म्हणून चार दिवस मावशी खडे टाकत होत्या आणि पाहुणे काढत होते. सेवा झकास चालली होती.

आज ताटलीत एकोणीसच आले.

"एकोणीस?" मावशींच्या तोंडून निसटलं.

"कमी आहेत का?" एका पाहुणीने काळजीने विचारलं.

"छे हो, छान आहेत."

पण त्यांनी खडे पुन्हा मोजले. विसावा एखाद्या पोराच्या दाताखाली गेला, की खडा कुणी टाकला? मावशींनी. घरी कोण बसणार? मावशी.

"पुन्हा निवडा," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापक धावत आले. "मावशी, पाहुणे आहेत ते! विनंती करा."

"विनंती आहे, पुन्हा निवडा. आणि ताई, तुम्ही जरा गप्पा कमी."

आठही माना खाली गेल्या. व्यवस्थापक सरबत घेऊन फिरले, कुणी वर बघेना. बाहेर पोरं ताटं वाजवायला लागली, तेव्हा पाहुण्यांतल्या निवृत्त बँकवाल्या आजोबांनी ताटली आणली. तीन खडे. पांढरे.

मावशींनी एक उचलून उजेडात धरला. पांढरा त्यांनी एकही टाकला नव्हता. पोरं अधूनमधून "कचकच लागतं" म्हणायची, आणि त्या "नाटकं पुरे" म्हणून वाढत राहायच्या.

"आणि लाल?" त्यांनी हळूच विचारलं.

आजोबांनी खिशातून लाल खडा काढला. "आठवण म्हणून ठेवला होता. तुम्ही इतक्या घाबराल असं वाटलं नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. धुतलेले खडे कुठल्या तांदळात येतात हो? पण इतक्या मायेने टाकलेले, नाही कसं म्हणायचं? वीस झाले की आम्ही थांबायचो."

चार दिवस व्यवस्थापकांनी डोळ्याने खुणावलं की मावशी पाहुण्यांना हात जोडत होत्या. आज कुणी खुणावलं नाही, तरी हात जोडले गेले, आणि डोळेही भरले. मग पदर खोचून त्यांनी दुसरी गोणी ओढत आणली.

"हिच्यात मी काहीच टाकलेलं नाही."

"मग तर नीट बघायला हवं," म्हणत आजोबांनी चष्मा पुसला.