किल्लेदारणीची वाटणी

बद्रीनाथ पेंटरचं म्हणणं एवढंच होतं, की घोड्याचे गुडघे उलटे आहेत. पुंजारामचं म्हणणं होतं, की घोडा पोचल्याशी मतलब. एवढ्यावरून तीर्थपुरीतली वीस वर्षांची मैत्री मोडायला आली होती.

"गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर हाईस ना तू?" बद्रीनाथ कॉमिकचं पान बोटानं दाबून धरत म्हणाला. "मंग तूच सांग. घोड्याचा पुढचा पाय असा वाकतो का?"

"मला त्याला इंजेक्शन द्यायचं न्हाई. पान उलट."

"उलटत न्हाई. आक्काला आभाळ सांगायचं राह्यलंय."

"आभाळ, आभाळ. मागच्या अंकात बी आभाळापायी अर्धा घंटा घातला तू."

आक्का म्हणजे पुंजारामची थोरली बहीण दुर्गाबाई. नवरा वारल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि गावाला गोधड्या शिवून द्यायची. टीव्हीवर 'किल्लेदारीण' ही मालिका लागायची तेव्हा तिनं एकही भाग चुकवला नव्हता. सव्विसाव्या भागात शत्रूनं किल्ल्याला वेढा घातला, किल्लेदारणीनं आतून दार लावून किल्ली विहिरीत टाकली, आणि टीव्हीवाल्यांनी मालिकाच बंद केली. बाई आत अडकली ती अडकलीच. पुढे दोन वर्षांनी कुण्या प्रकाशनानं मालिकेची उरलेली गोष्ट कॉमिकमधून, आठ अंकांत, काढायचं ठरवलं. तोवर दुर्गाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

त्यामुळे दर पंधरा दिवसांनी एक गुरुवार असा यायचा, की पुंजाराम मजकूर वाचायचा, बद्रीनाथ चित्रं सांगायचा, आणि दुर्गाबाई बाजेवर बसून ऐकायची. बद्रीनाथ दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉल्यांच्या फळ्या रंगवायचा. चित्रातलं त्याला कळतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. चौथ्या अंकापासून चित्रकार बदलला होता आणि नव्यानं किल्लेदारणीची नथ उजव्या नाकात घातली होती. हे दुःख बद्रीनाथ अजून विसरला नव्हता.

"चित्रच बिघडलं तर गोष्टीला चाटायचं का?" तो म्हणाला.

"चित्रं नसती तरी गोष्ट कळाली असती," पुंजाराम म्हणाला.

"शब्द नसते तरी कळाली असती. उलट जास्त कळाली असती."

"मंग पुढच्या अंकाला तू येऊ नको."

"मी अंक घेऊन माह्या घरी बसतो. तू नको येऊ."

दुर्गाबाईनं हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "लई भांडा," ती म्हणाली, "पण शेवटचा अंक आला का तवा दोघं बी बराबर हजर राहा. त्याच हप्त्यात ऐतवारी माहं डोळ्याचं ऑपरेशन हाय. मला ती बाई भाईर आली का न्हाई, हे आधी कळलं पाहिजे."

ही गोष्ट तिनं फार शांतपणे सांगितली. पुंजारामला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

तीर्थपुरीला जालन्याहून या कॉमिकची एकच प्रत यायची, आणि ती बसस्टँडवरच्या मुनीरच्या पुस्तकांच्या टपरीवर यायची. शेवटच्या गुरुवारी बस आली तेव्हा टपरीसमोर पुंजाराम एका बाजूनं आणि बद्रीनाथ दुसऱ्या बाजूनं उभा होता. मुनीरनं गठ्ठा सोडला. दोघांनी एकदमच हात घातला. पुंजारामच्या हातात वरचा कोपरा आला, बद्रीनाथच्या हातात खालचा.

"देखो भई, फाडाफाडी करायची तर माझ्या टपरीसमोर नको," मुनीर म्हणाला. "अंक दोघांच्या नावाचा आहे. झगडा असंल तर रामरावकडं जावा. ते वाटणी करतेत."

मुनीर हे चिडून बोलला होता. पण दोघांना ते पटलं, कारण दोघांचीही खात्री होती की रामरावांसारखा शहाणा पंच अंक आपल्यालाच देणार. तसाच दोन्हीकडून धरलेला अंक घेऊन ते गावातून चालत निघाले.

रामरावांनी पंचक्रोशीत शंभरावर वाटण्या केल्या होत्या. वावरं, विहिरीच्या पाळ्या, बैल. एकदा तर त्यांनी बांधावरचा आंबा फांद्या मोजून दोन भावांना वाटून दिला होता. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता आणि कॉमिक त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. त्यांनी अंक आधी उपरण्यात गुंडाळला आणि उशाखाली घातला.

"वाटणी होईस्तोवर मालाला कोणी हात लावायचा न्हाई. वाचायचं बी न्हाई," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी या. उद्या मला आष्टीला एक विहीर हाय."

घरी पुंजारामनं बहिणीला समजावायचा प्रयत्न केला. "आक्का, डोळ्याचं शिबिर काय रोज असतं का? नव्या जालन्यात मी किती खेटे घालून तुहं नाव लिवून आल्तो. आता हुकलं तर सालभर थांबावं लागंल. आधी डोळे करून घे. शेवट काय पळून चाललाय?"

"डॉक्टरच्या हातून काही बरंवाईट झालं तर?"

"काही होत न्हाई."

"झालं तर डोळे बी गेले आन ती बाई बी आतच राह्यली. न्हाई बाबा. शेवट ऐकल्याबिगर मी गाडीत पाय ठेवणार न्हाई." आणि तिनं जालन्याला न्यायची भरलेली पिशवी शांतपणे रिकामी करून खुंटीला टांगली.

शनिवारी सकाळी रामरावांनी दोघांना समोर बसवलं. "ह्याच्यात काय काय हाय?"

"चित्रं आन मजकूर," पुंजाराम म्हणाला.

"बद्री, तुहं म्हणणं?"

"चित्रंच खरी. मजकूर नसला तरी चालतंय."

"तुहं रे?"

"मजकूरच खरा. चित्रं बिलकुल नसली तरी चालतंय."

रामरावांचा चेहरा उजळला. आजवर त्यांच्यापुढे आलेल्या प्रत्येक दोन भावांना विहिरीजवळचंच वावर हवं असायचं. इथे एकाला पाहिजे ते दुसऱ्याला नको होतं. "मंग भांडता कामून?" ते म्हणाले. "इतकी सोपी वाटणी मला आजवर घावली न्हाई. चित्रं बद्रीची, मजकूर पुंजारामचा. सूनबाई, कात्री आण गं. आन चिकटवायला थोडी खळ शिजव."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण नको म्हणायचं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यालाही किंमत आहे, असं पंचासमोर कबूल करायचं. त्यापेक्षा कात्री परवडली.

वाटणीआधी कुणी वाचू नये म्हणून रामरावांनी दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. मग पिना काढल्या, पानं सुटी करून बाजेवर पसरली आणि कामाला लागले. माणसांच्या तोंडातून निघालेले शब्दांचे फुगे ते बांधाच्या कडेनं चालावं तसे कापत होते. एक दोरा इकडचा तिकडे जाऊ देत नव्हते. कापलेला मजकूर एका वहीत, भोकं पडलेली चित्रं दुसऱ्या वहीत. चिकटवताना पाठीमागचं छापील त्यांना दिसलं होतं. पण किराण्याच्या पुडीलाही दोन्हीकडून छापील असतं. ते काय वाचायसाठी असतं का?

दोन तासांनी त्यांनी वह्यांवर दोघांच्या सह्या घेतल्या आणि आपापला वाटा हातात दिला. भिंतीकडून वळलेल्या दोघांनी अधाशासारख्या वह्या उघडल्या.

"रामराव," बद्रीनाथ थोड्या वेळानं म्हणाला, "घोडा आत्ता खिंडीत होता. एकदम भुयारात कसा गेला?"

"माझ्यात बी तसंच हाय," पुंजाराम म्हणाला. "सेनापती म्हणतो, 'हा निरोप कुणी आणला?' आन त्याच्याफुडं कोणीतरी म्हणतो, 'त्याला पुरून टाका.' मधलं कुठंय?"

"मधलं म्हंजे?"

"मधलं पान. पाठीवरचं."

रामरावांनी वहीचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "पाठीवर बी गोष्ट असती?"

"कॉमिक हाय रामराव. दोन्ही अंगांनी असती."

"मला काय माहीत? जल्मभर वावरं वाटली. वावराला पाठ नसती."

अर्धी गोष्ट खळीखाली गेली होती. आणि गेलेल्या अर्ध्यात नेमकं शेवटचं पान होतं. पुंजारामच्या वहीतला शेवटचा फुगा होता, 'आता एकच दार उरलं.' बद्रीनाथच्या वहीतलं शेवटचं चित्र होतं कडीवर ठेवलेला एक हात. कडी उघडायची की लावायची, ते चित्रावरून कळत नव्हतं, आणि हे बद्रीनाथला मान्य करावं लागलं.

घराकडे जाताना दोघं पंधरा दिवसांनंतर पहिल्यांदा आपणहून शेजारी चालत होते. उद्या सकाळची गाडी होती आणि गाडीत बसायला दुर्गाबाई तयार नव्हती. पुंजारामला बहिणीचे डोळे दिसत होते. शिवणीवर बोट फिरवून टाका शोधायची तिची सवय त्याला अलीकडे बघवत नसे.

"शेवट आपणच जुळवू," तो म्हणाला. "ती दार उघडून भाईर येती, तलवार घेती, सेनापतीला लोळवती."

"हे असलं?" बद्रीनाथ म्हणाला. "ती बुरजावर उभी राहती. मागं मावळतीचं आभाळ. तांबडं, मंग जांभळं."

"मंग पुढं काय होतंय?"

"पुढं काय व्हायला पाहिजे? आभाळ हाय ना."

घर आलं तरी हे मिटलं नव्हतं. दिवेलागणीला दोघं वह्या घेऊन दुर्गाबाईसमोर बसले. आधीच्या पानांवर कशीबशी वेळ मारून नेली. घोडा भुयारात गेला तेव्हा तिनं फक्त "हं" म्हटलं. शेवटचं दार आलं.

"आन मंग," पुंजाराम वाचल्यासारखं करत म्हणाला, "किल्लेदारीण दार उघडून भाईर आली."

"आन बुरजावर उभी राह्यली," बद्रीनाथ त्याच दमात म्हणाला.

"भाईर आली का बुरजावर गेली?" दुर्गाबाईनं विचारलं.

"भाईर," पुंजाराम म्हणाला.

"बुरजावर," बद्रीनाथ म्हणाला. "भाईरून जिना असंल."

दुर्गाबाईनं हात पुढे करून दोन्ही वह्यांवरून बोटं फिरवली. गोधडीतले जोड ओळखणारी बोटं ती. "कापलं व्हय रे तुम्ही?" ती म्हणाली. "दोघांना बी शेवट माहीत न्हाई."

पुंजारामला वाटलं, आता डोळे गेले. एका घोड्याच्या गुडघ्यापायी आपण बहिणीचे डोळे घालवले. त्याला रडू यायला लागलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

"रडू नको. उद्याची गाडी किती वाजता हाय?"

"सहाला," पुंजाराम म्हणाला. "पण आक्का, शेवट?"

"तुमच्या भरवशावर राह्यले म्हणून हे झालं. डोळे करून येते आन माझी मीच पाहते." तिनं खुंटीवरची पिशवी चाचपून काढली आणि पुन्हा भरायला घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं. दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. तो घालून दुर्गाबाईनं आधी भावाचा चेहरा पाहिला आणि केस किती पिकवलेस म्हणाली. मग दोन्ही वह्या मागवल्या. पानांवर ओला पंचा टाकून तिनं खळ भिजू दिली, आणि एकेक तुकडा न फाटता उचलून सावलीत वाळवला. ठिगळं जुळवणं हा तिचा रोजचाच धंदा. तीन दुपारी ती दार लावून बसली होती. फुगे भोकांत गेले, कडेनं बारीक चिकटपट्ट्या लागल्या, आणि अंक दोन्ही अंगांनी पुन्हा सबंध झाला. चौथ्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा ओसरीवर दोघं वाट बघत बसले होते.

"झालं?" पुंजारामनं विचारलं.

"झालं. वाचला. चित्रं बी पाह्यली."

"मंग दे ना इकडं."

"पेटीत ठेवलाय." तिनं किल्ली कमरेला खोचली. "कामून देऊ?"

आठवडाभर त्यांनी नाना परीनं विनवलं. बद्रीनाथनं नुसतं शेवटचं आभाळ कोणत्या रंगाचं आहे, एवढंच विचारून पाहिलं. ती सांगेना. अखेर दोघांनी रामरावांना बोलावलं. रामराव ओसरीवर टेकले आणि पंचाच्या आवाजात म्हणाले, "दुर्गाबाई, लेकीबाळींनी इतकं ताणू न्हाई. हे दोघं तुम्हाला चांगलं लुगडं घेतेत. अंक देऊन टाका."

"लुगड्यावर एकदा सही केली ना रामराव, तुमच्याच म्होरं," दुर्गाबाई म्हणाली. "बापाच्या वावरातला माहा दीड एकराचा वाटा भावाला गेला. तवा बी मला कोणी इचारलं न्हाई. ह्या टायमाला सही न्हाई."

पुंजाराम खाली बघत राहिला. रामरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग खिशातून कागद काढला आणि शंभरावर वाटण्यांत कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं. चित्रं बद्रीनाथकडे, मजकूर पुंजारामकडे, शेवट दुर्गाबाईकडे. दोघांनी निमूट सह्या केल्या. दुर्गाबाईनं चष्मा नीट बसवून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मगच सही केली.

रामराव उठले, जोडे घातले, अंगणात गेले आणि परत फिरले. आवाज खाली आणून म्हणाले, "दुर्गाबाई, एक इचारू का? ती बाई भाईर येती का आतच राहती?"

"वाटणी झाली ना, रामराव?" दुर्गाबाई म्हणाली. "मंग दुसऱ्याच्या वाट्यात पाय टाकू न्हाई." आणि ती चहा टाकायला आत गेली.