सीट सोडल्याचा दाखला

मृदुलाने धाकट्या बहिणीच्या, ओवीच्या, सायकलची सीट अकरा वर्षांपूर्वी सांगलीत, शाळेच्या मैदानावर धरली होती आणि अजून सोडली नव्हती.

लग्न होऊन ती विट्याला आली तरी डावी मूठ मिटलेलीच होती. त्या हातावर मेंदी फक्त मागच्या बाजूने काढली. बघायच्या कार्यक्रमातच सासूबाईंनी विचारून घेतलं होतं, "मग पोळ्या?"

"लाटते. पोळपाट सरकतो तेवढा."

"सरकू दे," म्हणून त्यांनी स्थळ पसंत केलं.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात ओवीचे सायकलचे प्रशिक्षक पाटोळे सर लॅपटॉप घेऊन दारात हजर झाले.

"ताई, आता शर्यत बघून कोण निवडतंय? पोरगी चढाला किती जोर लावते ते आकडे थेट बेल्जियमला दिसतात. तिथल्या संघाला दोनशे साठ वॅट हवेत. ओवीच्या पायात दोनशे एकसष्ट आहेत, पण मागच्या चाकाला पोचतात दोनशे एकोणपन्नास. बारा वॅट मागे कुणीतरी ओढतंय."

मृदुलाने मूठ पदराखाली घेतली.

"रविवारी शेवटची चाचणी. पुढच्या वर्षी ती एकोणीसची होईल, म्हणजे त्यांच्या लेखी म्हातारी." सरांनी कागद पुढे केला. "सीट सोडल्याचा दाखला. सही लागेल. आणि तिला सांगायचं नाही. मागे बघितलं की पडतात."

मृदुलाला ती लाल सायकल आठवली. फाटक्या रेक्झिनमधून डोकावणारा स्पंज, ओवीच्या गुडघ्यावरची हळद. दर फेरीला ओवी ओरडायची, "ताई, धरलंय ना?" बाकीच्यांच्या ताया-दादा "धरलंय, धरलंय" म्हणत केव्हाच गाड्यावर उसाचा रस पीत उभे असायचे. मृदुलाला ते जमलं नव्हतं. शाळेचा शिपाई फाटक लावायला आला, तरी ती मागे धावतच होती.

"पडली म्हणजे?" तिने विचारलं.

"पडेल की," सासूबाई आतून म्हणाल्या. "माझा पोरगा चारदा पडला. तरी तुझ्याशी लग्न झालंच ना त्याचं!"

रविवारी सकाळी फोन आला. आवाजामागे वारा ऐकू येत होता.

"ताई, निघतेय. धरलंय ना?"

मृदुलाने अंगठा उघडला. मग तर्जनी. मधलं बोट आखडलं होतं, ते सासूबाईंनी तेल लावून सरळ केलं. अनामिकाही सुटली. तळव्याला अजून रेक्झिनचा वास होता.

"धरलंय," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

तासाभराने सरांचा फोन आला. "दोनशे साठ! बरोब्बर! संघात बसली पोरगी!" मग आवाज जरा खाली आला. "पण ताई, हिशेबाने एक वॅट अजून कमी येतोय."

मृदुलाने हाताकडे बघितलं. करंगळी वाकलेलीच होती.

सासूबाईंनी पोळपाट तिच्यापुढे सरकवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पोळपाट धरायला करंगळी लागत नाही."