हुसेनभाऊंची नवी नळी

हुसेनभाऊ माझ्या मिशीवर नाराज आहेत. ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक डोळा मिटून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "मास्तर, तुमची मिशी डावीकडं मारती." मी घरी जाऊन आरशात पाहिलं. मारत होती.

भाजे गावात आमची घरं शेजारी शेजारी. भाऊ देहूरोडला लष्करी डेपोत बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण दिसेल त्याचा नेम तपासायची खोड काही गेली नाही. शाळेत झेंडावंदनाला आले की आधी खांब सरळ आहे का बघतात, मग सलाम ठोकतात.

पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. परवान्यात मुलीचं, रजियाचंही नाव आहे. रानडुकरं भातात शिरली की भाऊ हवेत बार काढतात. आजवर एकाही डुकराला त्यांनी ओरखडा काढलेला नाही. "मग नेम कशाला लागतो?" मी एकदा विचारलं.

"हवेत बी सरळ गेली पायजे, मास्तर!"

गेल्या हिवाळ्यात त्यांनी नवी नळी आणली. छऱ्यांची नव्हे, एकाच जाड गोळीची. आतून आटे पाडलेली. नवी नळी म्हणजे नेम नव्याने जुळवणं आलं. पोलीस पाटलांना सांगून भाऊ, रजिया आणि मी दर रविवारी शेतामागच्या दरडीपाशी जायचो. भाताच्या कोंड्याच्या पोत्यावर बंदूक टेकवायची, पन्नास पावलांवर कागद लावायचा, तीन गोळ्या झाडायच्या. मी भोकांभोवती पेन्सिलीने गोल काढायचो. गोळी डावीकडे गेली, तर नळीवरची मागची खाच स्क्रूने उजवीकडे सरकवायची.

पहिल्या रविवारी गोळ्या वीतभर डावीकडे गेल्या. भाऊंनी खाच सरकवली. दुसऱ्या रविवारीही डावीकडेच. पुन्हा सरकवली. "बंदूक खोटं बोलत न्हाई" हे भाऊंचं आवडतं वाक्य, त्या दिवशी मात्र ते पुटपुटले, "ही नळी लय खोटारडी हाय." भाऊंच्या तोंडून बंदुकीला शिवी मी पहिल्यांदाच ऐकली.

तिसऱ्या रविवारी गोळ्या मधोमध बसल्या. भाऊ खुशीत आले. पण मला दिसलं ते वेगळंच. त्यांचा गाल दस्त्यावर टेकलेलाच नव्हता. मान वाकडी करून ते कडेकडेने बघत होते.

"भाऊ, डोळा एकदा..."

"डोळ्याचं नाव काडू नका!"

रजियाने मला बाजूला घेतलं. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, मास्तर. डॉक्टरकडे जात नाहीत. डोळा अधू असं एकदा कागदावर आलं की बंदूक ठाण्यात जमा होईल, असं वाटतं त्यांना. मग आपण नुसते म्हातारे, म्हणतात." तिचे डोळे भरून आले होते. "अशानं डोळा जाईल हो त्यांचा."

मग ती सरळ पोत्यामागे जाऊन बसली. "अब्बा, आता मी मारते."

तीन बार झाले. मी कागदापाशी गेलो आणि पेन्सिल हातातच राहिली. खोटं सांगावं का, असं क्षणभर मनात आलं.

"बोला, मास्तर."

"वीतभर उजवीकडं, भाऊ. तिन्ही."

भाऊ चालत आले. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली होती. हाताचा दोष म्हणायला जागाच नव्हती.  आता रजियावर डाफरणार, म्हणून मी आधीच पोत्यापाशी तिच्याजवळ जाऊन थांबलो.

ते परत आले, खाली बसले आणि स्क्रू उलटा फिरवायला लागले. तीन रविवारचं सगळं काम हळूहळू मागे गेलं. खाचेच्या मूळ जागेची, कारखान्यानं मारलेली पांढरी खूण काही त्यांना दिसेना.

"रजिया, खुणंवर आली का बघ."

"आली, अब्बा."

"मग ऱ्हाऊ दे तितंच. नळी खरी हाय." त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "डोळं दाखवाया कवा जायचं ते तूच ठरव. पन माझ्यासंगं आत चल. आपरेशनचं मला लय भ्या वाटतं, पोरी."

रजियाने त्यांचा हात धरला. डोळा अधू ठरला तर बंदूक जाईल, याचीच त्यांना भीती आहे, असं रजिया इतके दिवस धरून चालली होती आणि तिचं ऐकून मीही.