दत्तोपंतांच्या कर्दळी

दत्तोपंतांकडे गेलेल्या माणसाला चहाआधी हातपाय धुवावे लागत. तेही मागच्या दारच्या मोरीत आणि साबणाशिवाय.

"आधी मोरी, मग खुर्ची!"

"अहो पंत, चिखल तुडवून आलोय का राव?"

"चिखल नसला तरी धुवा."

यावरून 'म्हातारा कडक सोवळ्याचा होता' असे संत तुकाराम नगरात आजही सांगतात. सांगणाऱ्यांनी जरा थांबावे. मी बौद्ध घरातला. सोवळ्याचा वास मला दारातूनच येतो. दत्तोपंतांच्या स्वयंपाकघरात मी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो आहे. कचेरीत ते ओव्हरसियर, मी आराखडे काढणारा. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे यावरून ठरवावे.

चाकणजवळच्या एका जुन्या गढीच्या बागेत प्रवाशांसाठी माहितीघर बांधायचे होते. साहेबांनी सांडपाण्याचा नळ सरळ तिथल्या बारवेत सोडला, अर्थात कागदावर. दत्तोपंतांनी माझे रबर उचलून तो खोडला.

"लोकांनी प्यायला बांधलेल्या विहिरीत तुम्ही चुळा भरणार?"

छपरावरचे पाणी टाकीत, संडासाचे शोषखड्ड्यात आणि हात धुतलेले पाणी खडी-वाळूतून, कर्दळींच्या वाफ्यातून आमराईला, असा आराखडा त्यांनी भांडून मंजूर करवून घेतला.

कर्दळी मात्र रोपवाटिकेतल्या चालेनात. मोरीमागचा स्वतःचा वाफा खणून त्यांनी गड्डे आणले. माळी म्हणाला, "साहेब, घरचं कशापायी? सरकारी रोपं हायत की."

"ह्यांना वापरलेल्या पाण्याची सवय आहे."

'फुशारकी मारायची हौस,' असे कचेरीत म्हटले गेले. तेही खोटे. गड्डे लावताना मी शेजारी होतो.

"हिने लावल्या होत्या," हातातली माती न झटकता ते म्हणाले. "भांड्यांच्या पाण्यावर वाढवल्या. नळाचं ताजं पाणी घातलं की रागवायची. ती गेली. एकट्याच्या ताटवाटीचं पाणी ते किती? म्हणून तुम्हा सगळ्यांना धुवायला लावत होतो. तरी पानं करपतातच."

त्यानंतर त्यांच्या घरी कोणाला मोरीत जावे लागले नाही.

निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी माहितीघराच्या कट्ट्यावर बसत. प्रवासी गढीचा इतिहास विचारी; हे विचारत, "हात धुतले का?"

एकदा आकुर्डीहून शाळेची सहल आली. नळांपाशी रांग लागली. दत्तोपंत उठून मागे वाफ्याकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. खडीतून पाणी झुळझुळत होते. वाकून ते हलकेच म्हणाले, "आज पुष्कळ पाहुणे आलेत गं."