खांद्यांची वडाप

समस्त रत्नागिरीकरांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ज्यांचा हात डोक्याच्या वर जात नाही त्यांनी आमच्या शेजारच्या जाधवकाकांसमोर साधा आळसही देऊ नये. ते तुम्हाला तत्काळ गाडीत भरतील.

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. माणसं कोंबून धावणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांशी त्यांचं हाडवैर. तसल्या जीपमधून दापोलीला गेलेल्या सख्ख्या मेव्हण्याशी त्यांनी अबोला धरला होता. त्याच काकांनी वडाप काढली, आणि तीही खांद्यांची.

झालं असं, की शोभाकाकींचा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपी करा, नाहीतर हात असाच राहील. विमा कंपनी म्हणाली, रुग्णालयात दाखल झालात तरच खर्च देऊ.

"आता नुसत्या खांद्याला खाट कोण देणार?" काका मला विचारत होते. तोवर काकींनी फी ऐकली आणि दुखणं थांबल्याचं जाहीर करून टाकलं.

काका तडक फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे. एका खांद्याच्या वेळात पाच खांदे बसतील की नाही? मॅडम हसल्या. प्रत्येकाला आधी तपासून सारख्या दुखण्याचे एकत्र घेईन, फी आपसांत वाटून घ्या, म्हणाल्या.

आता खांदे हवेत. काका मासळीबाजारात लोकांच्या पिशव्या सोडून हात न्याहाळू लागले. लग्नात वधूवरांवर फुलं टाकताना कोणाचा हात खालीच राहतो, तेही पाहून ठेवू लागले. मला तर माळ्यावरचा डबा काढायला बोलावून पकडलं. चार सीटा भरल्यावर काकींना म्हणाले, "एक रिकामी जातेय गो. बाकीच्यांना जास्त पडेल." दुसऱ्यांना भुर्दंड नको म्हणून काकी निघाल्या.

तिथेही काका दारात उभे. "पुढे सरका, भिंतीकडे जागा आहे." कोणी वडाप म्हटलं की फणकारायचे, "ही अधिकृत आहे."

एक कोडं मात्र मला सुटेना. काकींचा हात बोटभर वर सरकला की आम्ही सगळे खूश, आणि एवढा खटाटोप करणारे काका गप्प.

एका सकाळी काकींचा हात भिंतीवरून वर गेला, डोक्यावरून मागे वळला. सैल झालेली वेणी त्यांनी सोडली आणि दोन्ही हातांनी पाठीमागेच पुन्हा घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका दारात तसेच उभे राहिले आणि सगळ्यांदेखत बोलून गेले,

"म्हणजे उद्यापासून तुझी वेणी मी नाय घालायची?"